आधी तिचं रक्त, मग त्याचं

भंडारा जिल्ह्यात एखाद्या बाईला दिवस गेले की आशाताई घरी येते, नाव नोंदवते आणि पहिल्या तीन महिन्यांतच तिला आरोग्य केंद्रात घेऊन जाते. माता-बाल संरक्षण कार्ड निघतं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट होतो आणि विदर्भ असल्यामुळे सिकलसेलही बघतात. त्याच वेळी एचआयव्ही आणि सिफिलीस या दोन चाचण्या होतात, फुकट. तिला काही त्रास नसतो, तिने काही मागितलेलंही नसतं. नवरा बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत असतो. त्याच्या नावाचं कार्ड निघत नाही.

लैंगिक आजारांच्या तपासणीत आपल्याकडे हाच पेच आहे. बाईच्या आयुष्यात तपासणीचा एक ठरलेला क्षण येतो, पुरुषाच्या येत नाही. लघवीला आग झाली, पू आला, जांघेत गाठ आली तरच तो दवाखाना गाठतो, आणि तोही बहुधा सरकारी नसतो. त्यामुळे आजार घरात कुणीही आणलेला असो, कागदावर तो पहिल्यांदा उमटतो बायकोच्या नावापुढे. सासरच्या मंडळींना मग एवढंच कळतं की हिला निघालं.

जिल्ह्याला यंत्रणा नाही असं मात्र नाही. २०११च्या जनगणनेत भंडाऱ्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती, तालुके सात. भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, तुमसर आणि साकोलीची उपजिल्हा रुग्णालयं, त्याखाली ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं अशी ही उतरंड आहे. तिच्यात दोन पाट्या शोधायच्या. एक ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ची. एवढं लांब नाव कुणी घेत नाही. सगळे आयसीटीसी म्हणतात. दुसरी पाटी ‘सुरक्षा क्लिनिक’ची. पहिल्या दारामागे एचआयव्हीचं काम चालतं, दुसऱ्यामागे बाकीच्या लैंगिक आजारांचं, पण दोघांचं येणंजाणं एकमेकांकडे असतं. गरमी किंवा परमा घेऊन आलेल्या माणसाचं एचआयव्हीसाठी रक्त बघायचं आणि एचआयव्ही निघालेल्याची सिफिलीसची तपासणी करायची, हा नियमच आहे.

आयसीटीसीत मुख्य माणसं दोन, समुपदेशक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत लागला, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको उभी राहिली आणि १९९७ पासून समुपदेशनासह चाचणीची केंद्रं निघू लागली. गर्भवतींचं केंद्र तेव्हा वेगळं आणि इतरांचं वेगळं होतं. २००६ मध्ये दोन्ही एकत्र केली, म्हणून ‘एकात्मिक’. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला, समुपदेशकाच्या टेबलाला कायद्याचा आधार मिळाला. संमतीशिवाय चाचणी नाही, आणि निकाल तिसऱ्याला सांगायचा नाही. रक्ताच्या नळीवर नावाऐवजी क्रमांक जातो.

चाचणी स्वतः साधी आहे. पहिली झटपट चाचणी निगेटिव्ह आली की अहवाल निगेटिव्ह. पॉझिटिव्ह दिसली तर त्याच रक्तावर वेगळ्या किटच्या आणखी दोन चाचण्या होतात आणि तिन्ही जुळल्या तरच ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. गावच्या उपकेंद्रात बोट टोचून होते ती फक्त चाळणी. तिच्यावर कुणाला एचआयव्ही आहे असं सांगायचं नसतं. सांगितलं गेलं असेल तर ते चूक आहे.

सिफिलीसची तपासणी जास्त बघण्याजोगी आहे. पांढऱ्या प्लास्टिक चढवलेल्या कार्डावर गोल छापलेले असतात. तंत्रज्ञ एका गोलात रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, ५० मायक्रोलीटरचा थेंब टाकून तो गोलभर पसरवतो. त्यावर काळसर औषधाचा एक थेंब पडतो. मग कार्ड फिरत्या यंत्रावर जातं: मिनिटाला १०० फेरे, आठ मिनिटं. काढल्यावर गोल सरसकट करडा दिसला तर काही नाही. चहाच्या गाळासारखे काळे कण जमलेले दिसले तर आजाराची खूण. सूक्ष्मदर्शक लागत नाही. ही आरपीआर चाचणी. तिची थोरली बहीण व्हीडीआरएल. तिला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि आपल्याकडे अजूनही चिठ्ठीवर आरपीआरऐवजी व्हीडीआरएलच लिहिलं जातं.

गंमत अशी की ही चाचणी सिफिलीसचा जंतू शोधतच नाही. त्या काळ्या थेंबात कोळशाची पूड, कार्डिओलिपिन नावाची चरबी, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल असतं. जंतूने शरीरात नासधूस केली की या चरबीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, तीच इथे पकडली जातात. अशी नासधूस दुसरे आजारही करतात, त्यात मलेरिया आणि कुष्ठरोग ही ठळक नावं. पूर्व विदर्भ कुष्ठरोगाचा जुना पट्टा आहे, आणि हिवतापही या भागाला परका नाही. म्हणजे इथल्या तंत्रज्ञाला आरपीआर पॉझिटिव्ह दिसली तर त्याने जरा थांबायला हवं. टीपीएचएसारखी जंतूचीच प्रतिपिंडं शोधणारी चाचणी करून खात्री करायची, आणि आरपीआर किती तीव्र आहे तेही मोजायचं. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं. १:२, १:४, १:८, १:१६. जिथपर्यंत गाळ दिसतो तो आकडा म्हणजे टायटर. उपचारानंतर तो निदान चार पटींनी उतरला पाहिजे. टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे जुना, बरा झालेला आजार नव्याने दाखवून घाबरवणारा अहवाल खासगी लॅबमधून हातात पडू शकतो. असा कागद घेऊन रात्रभर जागण्यापेक्षा सकाळी टायटर विचारावं.

औषध जुनंच आहे, बेन्झाथिन पेनिसिलीन. सुरुवातीच्या सिफिलीसला एकदाच २४ लाख युनिट, बारा-बारा लाख दोन्ही कुल्ल्यांत. दुखतं, पण आजार जातो. गर्भवतीच्या बाबतीत तर पर्यायच नाही, कारण पोटातल्या बाळापर्यंत खात्रीने पोचणारं औषध हे एकच. वेळेत दिलं नाही तर मूल मेलेलं जन्मू शकतं. सिफिलीसची तपासणी पहिल्या तिमाहीतच हवी ती यासाठी.

गनोरिया आणि क्लॅमिडिया यांच्यापाशी मात्र यंत्रणा लंगडते. त्यांची नेमकी तपासणी महागड्या जनुकीय चाचणीने होते आणि ती तालुक्याला मिळत नाही. तिथे लक्षण बघून औषध देण्याची पद्धत आहे, आणि गोंधळ होऊ नये म्हणून औषधांच्या पाकिटांना रंग दिलेत. लघवीच्या वाटे पू येत असेल तर करडं पाकीट. अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं. जखम असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलीन आणि सिरिंज. पेनिसिलीन सोसत नसेल तर निळं. नागिणीच्या जातीच्या पुरळाला लाल, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळं, जांघेतल्या गाठीला काळं. ही सात पाकिटं म्हणजे गरीब देशाने शोधलेली हुशार तोड आहे. प्रयोगशाळेची वाट न बघता पहिल्याच भेटीत औषध मिळतं, आणि दुसऱ्यांदा न येणाऱ्या माणसासाठी तेच योग्य. पण लक्षणच नसेल तर? क्लॅमिडिया आणि गनोरिया बायकांमध्ये बहुतेकदा गप्प असतात. उलट हिरवं पाकीट घेऊन जाणाऱ्या कितीतरी बायकांना लैंगिक आजार नसतोच. आहे ती तपासणीतून सुटते आणि नाही ती नवऱ्यावर संशय घेत घरी जाते.

हे गप्प असणं किती मोठं आहे ते याच मुलखात दिसलं होतं. भंडाऱ्याहून वैनगंगा खाली उतरते ती गडचिरोलीकडे. तिथल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या. निष्कर्ष १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

दुसरा अभ्यास पुण्याचा. तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ बायकांचं रक्त डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक लग्नाच्या, एका नवऱ्यापुरत्या. त्यांच्यातही एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. त्यांच्यासाठी धोका घरातच होता. १९९७ साली हे छापून आलं तरी बाईलाच आधी तपासायचा क्रम काही उलटला नाही, कारण तो सोयीचा आहे. गर्भवती बाई आपण होऊन समोर येते. मुंबई-कोलकाता महामार्गावरचा ट्रकचालक किंवा हंगाम संपल्यावर परगावी कामाला गेलेला मजूर येत नाही.

म्हणून समुपदेशकाच्या टेबलासमोर नवऱ्याला बसवणं हेच तिथलं अवघड काम. बायकोचा निकाल आल्यावर तो आलाच, तर बोलणं साधारण असं होतं.

‘मले काहून तपासता ताई? मले त काई तरास नाई.’

‘तरास नसला तरी रक्तात असू शकते, भाऊ. तुमचं पाहिल्याशिवाय तिचं औषध पुरं होत नाही.’

‘गावात समजन ना पण.’

‘तुमच्या तोंडून समजलं तरच.’

इथे ताईचा कस लागतो. आधी कोणाला झालं हा प्रश्न तिने उकरायचा नसतो. रक्त त्याचं उत्तर देतही नाही. आणि बायकोने नवऱ्याला सांगावं असा आग्रह धरतानाही जपावं लागतं. २०१७च्या कायद्यातलं कलम ९ इथे शहाणं आहे: निकाल कळल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर डॉक्टरने किंवा समुपदेशकाने तो जोडीदाराला कळवू नये.

निरोगी पुरुषाचं रक्त बघितलं जातं अशी जागा एकच, रक्तदान शिबिर. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलीस आणि मलेरियासाठी तपासणी होते. पण फुकट तपासणी म्हणून तिकडे जाणं हा गुन्हाच म्हणावा. संसर्ग झाल्यावर चाचणीत दिसेपर्यंत मधे काळ जातो. एचआयव्हीच्या झटपट चाचण्यांसाठी तो तीन महिने धरतात. त्या काळातली पिशवी स्वच्छ दिसून दुसऱ्याच्या शिरेत जाऊ शकते. शंका असेल तर आयसीटीसीत जावं, संबंधाची तारीख खरी सांगावी आणि तीन महिने भरल्यावर पुन्हा यावं. रुग्णालयात जायचं धाडस होत नसेल तर १०९७ हा नंबर मोफत आहे. तिथे नाव सांगायची सक्ती नाही.

नवरा आला नाही तर काय होतं, ते आरपीआरच्या टायटरवर दिसतं. उपचारानंतर बायकोचं टायटर १:३२ वरून १:४ वर आलं आणि काही महिन्यांनी पुन्हा १:३२ झालं, तर तंत्रज्ञाला पहिली शंका येते ती नव्या संसर्गाची. औषधाने काम केलेलं असतं, पण ते एकटीलाच मिळालेलं असतं. तिला पुन्हा दोन्ही कुल्ल्यांत बारा-बारा लाखांची सुई मिळते आणि त्याच्या नावाने आणखी एक चिठ्ठी तिच्याच हाती देतात.