जेवणासह की जेवणाविना?

दिवाळीची सुटी असो की मे महिना, देवळाली कॅम्पच्या लॅम रोडवर मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या अलीकडचे हे स्टेशन. समुद्रसपाटीपासून उंची अठराशे फुटांच्या आसपास, हवा कोरडी, रात्री गार, आणि लष्करी छावणीमुळे झाडी व मोकळी जागा बरीच टिकून राहिलेली. "थोडे दिवस देवळालीला जाऊन या," हा सल्ला मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी ऐकला आहे. पारशी, गुजराती, जैन अशा निरनिराळ्या समाजांच्या विश्वस्त संस्थांनी येथे सॅनिटोरियम बांधली. पूर्वी मंडळी स्टोव्ह, पातेली, पीठ-तांदूळ बरोबर घेऊन यायची आणि महिना-महिना राहायची. हल्ली हवापालट दोन-तीन दिवसांत उरकतो. स्वयंपाक कोणालाच नको असतो. त्यामुळे सॅनिटोरियम असो, हॉटेल असो की नवे रिसॉर्ट, खोली घेताना पहिला प्रश्न येतो तो हाच : जेवणासह की जेवणाविना?

हा प्रश्न खिशाचा आहे असे आपण समजतो. दवाखान्यात बसणाऱ्याला मात्र तो पोटाचाही वाटतो. सुटी संपल्यावरच्या आठवड्यात आम्लपित्त, जुलाब, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेली साखर घेऊन येणाऱ्यांत "दोनच दिवस बाहेर होतो" असे सांगणारे बरेच असतात. म्हणून या आठवड्यात दोन्ही हिशेब एकत्र मांडू.

आधी शब्द समजून घ्यावेत. हॉटेलवाले दरपत्रकावर इंग्रजी आद्याक्षरे छापतात आणि गिऱ्हाईक मान डोलावते. ई.पी. म्हणजे युरोपियन प्लॅन, नुसती खोली. सी.पी. म्हणजे कॉन्टिनेंटल प्लॅन, खोली आणि सकाळची न्याहारी. एम.ए.पी. म्हणजे न्याहारी आणि दोनपैकी एक जेवण. ए.पी. म्हणजे अमेरिकन प्लॅन, न्याहारी व दोन्ही वेळची जेवणे. दुपारचा चहा यात धरला आहे की नाही, हे दर ठिकाणी वेगळे असते. सॅनिटोरियमच्या भोजनालयात इतकी इंग्रजी नसते. तेथे साधारणपणे किती पाने हवीत ते आधी सांगून कूपन घ्यायचे असते. हा फरक लहान वाटला तरी फार मोठा आहे. कूपनाच्या पद्धतीत आपण एकेका जेवणाचा निर्णय घेतो. रिसॉर्टमध्ये सगळ्या जेवणांचा निर्णय पहिल्याच दिवशी, प्रवासाने शिणलेले असताना, एका सहीने होऊन जातो.

आता आकडे घेऊ. दर समजण्यापुरते धरले आहेत, वाचकांनी आपापले घालावेत. आजी, आजोबा, त्यांची सून आणि आठ वर्षांचा नातू असे चौघे शुक्रवारी संध्याकाळी आले, रविवारी सकाळी दहाला खोली सोडणार. जेवणासह दर माणशी रोज ६०० रुपये, मुलाला निम्मा. दोन दिवसांचे तिघा मोठ्यांचे ३६०० आणि मुलाचे ६००, एकूण ४२०० रुपये. सुटे घेतले तर जेवण २५० रुपये आणि न्याहारी १२० रुपये, चहा ३० रुपये. दोन दिवसांची चार जेवणे, दोन न्याहाऱ्या, दोन चहा धरले तर माणशी १३०० होतात, मुलाचे ६५०, म्हणजे एकूण ४५५०. कागदावर साडेतीनशे रुपयांची बचत झाली.

पण शनिवारी ही मंडळी त्र्यंबकेश्वरला जाणार आहेत, म्हणजे दुपारचे जेवण आणि चहा बाहेर. रविवारी दहाला निघणार, म्हणजे त्या दिवशीचे दुपारचे जेवण तर मिळतच नाही. प्रत्यक्षात पोटात गेल्या दोन रात्रीच्या थाळ्या आणि दोन न्याहाऱ्या. सुटा हिशेब माणशी ७४० रुपये, तिघांचे २२२०, मुलाचे ३७०, एकूण २५९०. साडेतीनशे वाचवण्याच्या आशेने सोळाशे दहा रुपये जास्त गेले. त्यातून आजी रात्री दूधभातच खाणार असतील तर हिशेब आणखी वाईट. तेव्हा दर विचारण्याआधी आपण किती जेवणांना खरोखर त्या आवारात असू हे बोटांवर मोजावे. भगूरला सावरकरांचा वाडा पाहणे किंवा टेकडीवर फिरून येणे यात जेवण चुकत नाही. वणीचा गड किंवा त्र्यंबक धरले की एक वेळ गेलीच म्हणून समजा. बिलात 'सेवाशुल्क' आपोआप लावलेले दिसले तर ते काढायला सांगता येते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली त्याची सक्ती करू नये असे ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले.

इथवर पैशाचे झाले. खरी गोम पुढे आहे. चुकलेले जेवण माणसाला सलते आणि मग तो ते भरून काढू पाहतो. रात्री आल्यावर भूक नसतानाही तो पूर्ण थाळी घेतो, कारण पैसे भरलेले आहेत. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. जे पैसे काहीही केले तरी परत येणार नाहीत, त्यांच्या पायी पुढचा निर्णय घ्यायचा. अमेरिकेत आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी १९८५ साली नाटकाच्या हंगामी तिकिटांवर हे दाखवले. ज्यांनी पूर्ण दर भरला होता ते, सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त प्रयोगांना हजर राहिले. नाटक जास्त पाहून कोणाचे वजन वाढत नाही. जेवणाचे तसे नाही. पैसे मोजून झाल्यावर तिसरा गुलाबजाम खाल्ला काय आणि टाकला काय, खिशाला फरक शून्य. शरीराला मात्र दीडशेच्या आसपास उष्मांक जास्त.

याला जोड मिळते ती पदार्थांच्या संख्येची. घरी एक भाजी, एक आमटी. टेबलावर मांडलेल्या जेवणात बारा-पंधरा पदार्थ. बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार निरनिराळ्या सारणांची सँडविचे दिली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक असते. आमच्याकडच्या बायका "गोडाला पोटात वेगळी जागा असते" असे म्हणतात, ते शास्त्राला धरूनच आहे.

शिवाय येथे करायला काही नसते. जुन्या काळी मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर याच देवळालीत महिनोन् महिने रिकामे बसत. त्यातले काही भ्रमिष्ट होत आणि त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणण्याचा प्रघात पडला. आजचा पाहुणा रिकामा बसला की वेडा होत नाही, पुढच्या घंटेची वाट पाहतो!

मधुमेह असलेल्यांनी आता नीट लक्ष द्यावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा बहुतेक प्रत्येक सहलीत एखादा असतोच. गुजराती पद्धतीच्या स्वयंपाकात डाळीत, कढीत, कित्येकदा भाजीतही गूळ किंवा साखर असते. "मी गोड खाल्लेच नाही" असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, आणि चार वाट्या डाळ प्यालेला असतो. यात स्वयंपाक्याचा दोष नाही, ती त्या जेवणाची रीत आहे. आधी सांगितले तर बिनगुळाची डाळ बाजूला काढून ठेवणे बहुतेक ठिकाणी जमते. कूपन घेतानाच सांगावे. ताटावर बसल्यावर सांगून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती जास्त धोक्याची. जैन भोजनालयात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. कांदा, लसूण, बटाटा नसलेले ते हलके जेवण आम्लपित्त असणाऱ्यांना सहसा मानवते आणि लवकर जेवणे चांगलेच. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुसऱ्या दिवशी नवकारशीच्या नियमाने सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पहिला घास, म्हणजे पावणेआठ तरी वाजतात. मध्ये तेरा-चौदा तासांचे अंतर पडते. निरोगी माणसाचे यात काही बिघडत नाही. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा संध्याकाळचे इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पहाटे घसरू शकते. घरी तो साडेआठला जेवत असतो आणि औषधाचे प्रमाण त्या सवयीवर बसवलेले असते. अशांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना जेवणाच्या नव्या वेळा सांगून औषध विचारून घ्यावे, स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये.

उलट प्रकारही घडतो. आजोबा खोलीतच इन्सुलिन टोचून घेतात, कारण जेवणाची वेळ साडेबाराची लिहिलेली आहे. खाली आल्यावर कळते की पहिली पंगत भरली, अर्धा तास थांबा. किंवा सहलीची गाडी घाटात अडकते. मग घाम, हाताला कंप, छातीत धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटते उन्हाने झाले. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, सुधारणा नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि मग जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. इन्सुलिन ताट समोर आल्याची खात्री करूनच घ्यायचे की कसे, हे इन्सुलिनच्या जातीवर अवलंबून असते, तेव्हा तेही आधी विचारावे.

रक्तदाबवाल्यांसाठी एवढेच की दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा सांगितली जाते आणि एका पापडातच सुमारे अर्धा ग्रॅम जाते. लोणचे, फरसाण, चटणी, ताकातले मीठ वेगळे. थाळीच्या कडेचे हे सगळे वाढप्याला आधीच 'नको' म्हणावे, एकदा वाढले की हात जातोच.

मांडून ठेवलेल्या जेवणात आणखी एक पाहावे. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर राहिला पाहिजे, म्हणजे वाफ दिसली पाहिजे. कोमट भाताला हात लावू नये. शिजवून तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. आगाऊ पैसे भरलेला माणूस येथेही फसतो. शंका आली तरी "भरलेले आहेत ना" म्हणून खातो. त्या दृष्टीने आयत्या वेळी मागवलेले साधे वरण-भात-पोळी बरी. स्वयंपाकघराचा चौदा आकडी परवाना क्रमांक लावलेला असतो, तो आहे का हेही बघावे.

पुष्कळांची, विशेषतः वडीलधाऱ्यांची, अशी समजूत असते की सॅनिटोरियममध्ये येऊन भरपूर खाल्ले पाहिजे, तरच हवा लागते. ही समजूत क्षयाच्या काळातली. स्ट्रेप्टोमायसिन निघण्यापूर्वी क्षयावर विश्रांती, मोकळी हवा आणि अंडी-दूध-तूप हेच उपाय होते. ते औषध १९४३ साली सापडले, पुढे इतर गोळ्या आल्या. मग मद्रासच्या क्षयरोग केंद्राने काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये व काही घरी ठेवून, दोघांनाही तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष आले. घरच्यांचे खाणे सॅनिटोरियमच्या मानाने बरेच निकृष्ट होते, तरी ते जवळजवळ तितकेच बरे झाले. अर्थात उपाशी राहणाऱ्याला आहाराचा फायदा होतोच. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, हे २०२३ साली दिसून आले. पण मुंबईहून मोटारीने आलेल्या, वजन ऐंशीला टेकलेल्या गृहस्थांना हा नियम लागू नाही.

मग जेवणासह कधी घ्यावे? चार-सहा दिवस एकाच जागी राहायचे असेल, बाहेर फारसे जायचे नसेल, बरोबर वृद्ध किंवा आजारातून उठलेले कोणी असेल, तर ठरलेल्या वेळी ताजे जेवण खाली मिळणे ही मोठी सोय आहे. रिक्षा करून रोज हॉटेल शोधत फिरण्यापेक्षा ते बरे, आणि घरच्या बाईलाही खरी सुटी मिळते. मुक्काम दोन रात्रींचा आणि फिरणे जास्त असेल तर न्याहारीपुरते घ्यावे. औषधे सकाळीच असल्यामुळे न्याहारी चुकू नये, आणि ती आवारात मिळाली की दिवस मार्गी लागतो. बाकी जेवणांची कूपने त्या त्या दिवशी घ्यावीत.

खिडकीवर विचारायचे ते असे : न घेतलेल्या जेवणाचे पैसे वळते होतात का, आणि ते किती आधी सांगावे लागते? सहलीच्या दिवशी जेवण डब्यात बांधून मिळेल का? पथ्याचे, म्हणजे कमी तिखट, बिनगुळाचे, मऊ भाताचे ताट होते का? रात्री दहाला कपभर दूध मिळेल का? शेवटचे उत्तर 'नाही' आले तर मधुमेही माणसाने खोलीत बिस्किटांचा पुडा आणि साखरेची पुडी ठेवावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे बरोबरच्या माणसाला दाखवून ठेवावे.