समलिंगी पुरुष, मैदानी खेळ आणि मानसिक आरोग्य

सिंदी (रेल्वे)सारख्या गावात मैदानावर सगळे एकमेकांना ओळखतात. एखादा तरुण अचानक खेळायला जाणे बंद करतो, तेव्हा घरचे त्याला आळशी म्हणतात. खरे कारण कधी कधी वेगळेच असते.

खेळाचा मनाला काय उपयोग?
नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता आणि सौम्य नैराश्य कमी होते. कबड्डी किंवा व्हॉलीबॉलसारख्या सांघिक खेळात सोबतही मिळते.

मग अडचण कुठे येते?
समलिंगी पुरुषांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा अधिक आढळतात. याला समलैंगिकता कारणीभूत नसते. सतत लपवावे लागणे, टोमणे आणि नाकारले जाण्याची भीती यांचा हा ताण असतो. झेल सुटला की ‘बायल्या’ म्हणून हसणाऱ्या मैदानावर हाच ताण वाढतो. म्हणून नुसते ‘खेळायला जा’ सांगणे पुरेसे नाही.

हा आजार आहे का?
नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. लग्न लावून किंवा औषधे देऊन ती ‘बदलत’ नाही. असे ‘उपचार’ करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहे.

काय करता येईल?
- स्वतःसाठी: धावणे, सायकल किंवा बॅडमिंटन यापैकी काही एका विश्वासू मित्रासोबत सुरू करा. स्वतःबद्दल कोणाला आणि कधी सांगायचे, हे तुम्हीच ठरवा.
- घरच्यांनी: ‘मैदान का सोडलेस?’ हे रागावून न विचारता शांतपणे विचारा आणि त्याचे ऐकून घ्या.
- प्रशिक्षक व खेळाडूंनी: टोमणा तिथल्या तिथे थांबवा. कोणाबद्दल होता, याची चौकशी करू नका.

डॉक्टरांना कधी भेटावे?
दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप किंवा भूक बिघडली, कशातच रस वाटेनासा झाला तर थांबू नका. अशा वेळी केवळ खेळावर विसंबू नका. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ‘गावात कळेल’ ही भीती स्वाभाविक आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो.