दुकान आपले, पण पावती कोणाच्या नावावर?

मुंबईत मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास अत्तर, टोप्या, कापड, भांडी विकणारी जुनी दुकाने आहेत. काही ठिकाणी तिसरी-चौथी पिढी गल्ल्यावर बसते. घरात सगळे त्याला 'आपले दुकान' म्हणतात. पण यांतील अनेक दुकाने मालकीची नाहीत, पगडीची आहेत. हा फरक घरातील प्रत्येकाला, विशेषतः बायका-मुलींना, माहीत असायला हवा.

पगडी म्हणजे सुरुवातीला घरमालकाला मोठी रक्कम द्यायची आणि पुढे अगदी थोडे भाडे भरत राहायचे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतील जुनी भाडी १९४० च्या पातळीवर रोखून धरली. पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने पगडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आणि भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा ठेवली. मात्र बँका आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना हे संरक्षण नाही. म्हणूनच कुलाबा कॉजवेसारख्या रस्त्यावर एका भिंतीच्या अलीकडे जुना दुकानदार नाममात्र भाडे भरतो, तर पलीकडे मोठ्या ब्रँडचे शोरूम बाजारभावाने पैसे मोजते.

कमी भाड्यामुळे छोटा व्यापारी टिकला. पण त्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती भागत नाही. आता जुन्या इमारती पाडून पुनर्विकास होत आहे. भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारती आणि साधारण साडेबाराशे दुकाने एकाच योजनेत आली. अशा वेळी भाडेकरूला नव्या इमारतीत हक्काची जागा मिळू शकते. त्या वेळी प्रश्न एकच असतो: कागदावर भाडेकरू कोण?

इथेच घरे फुटतात. मालकीची मालमत्ता वारसांमध्ये शरियतच्या हिश्शांप्रमाणे वाटली जाते. भाडेहक्काचे तसे नाही. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत दुकानात धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा विचार कायदा आधी करतो. असा कोणी नसेल तरच इतर वारस. एकमत झाले नाही, तर निर्णय कोर्टाचा. वर्षानुवर्षे दुकानात बसणारा एक भाऊ भाडेकरू ठरतो आणि विधवा आई, सासरी गेलेल्या बहिणी बाहेर राहतात, ते यामुळे.

म्हणून वडीलधारे हयात असतानाच काही गोष्टी कराव्यात. भाडेपावत्या, वीजबिले, दुकानाचा परवाना एका फाइलमध्ये ठेवावेत. पावती अजून दिवंगत आजोबांच्या नावावर असेल, तर ती बदलून घ्यावी. घरमालकाच्या संमतीशिवाय दुकान दुसऱ्याला चालवायला देऊ नये. त्यामुळे जागा खाली करण्याचा दावा होऊ शकतो. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी क्षेत्रफळ, मजला आणि रस्त्याकडचे तोंड लेखी आहे का, ते पाहावे. तळमजल्यावरचे दुकान वरच्या मजल्यावर गेले, तर चौरस फूट तेवढेच राहतील. गिऱ्हाईक राहील का?

शेवटी, बहिणींचा आणि आईचा वाटा कसा द्यायचा, हे सर्वांनी बसून ठरवावे आणि वकिलाकडून लिहून घ्यावे. दुकानाची किंमत वाढल्यावर ही बोलणी अवघड होतात. ती आजच झालेली बरी.