बंगाली निर्वासितांना जमीन मिळाली, जात मात्र नोंदीबाहेर!

आरमोरी, प्रतिनिधी

आरमोरी तालुक्यातील जोगीसाखरा परिसरात शंकरनगर हे बंगाली भाषकांचे गाव आहे. येथील नव्या पिढीचे शिक्षण मराठीत होते, व्यवहारही मराठीत चालतात. मात्र जातीच्या दाखल्याचा विषय निघाला की सहा दशकांपूर्वीचे स्थलांतर पुन्हा समोर उभे राहते.

जानेवारी 1964 मध्ये पूर्व पाकिस्तानातील खुलना व अन्य भागांत दंगली उसळल्या आणि हिंदू कुटुंबांचे लोंढे भारतात आले. पश्चिम बंगालवर आधीच निर्वासितांचा भार होता. त्यामुळे अनेकांना रायपूरजवळील माना येथील छावणीत आणण्यात आले. तेथून काहींना ओरिसातील मलकानगिरीकडे, तर काहींना तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात पाठविण्यात आले. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि आरमोरीसह मुलचेरा, चामोर्शी भागातील या वसाहती नव्या जिल्ह्यात आल्या.

जंगल साफ करून वसविलेल्या या गावांत शेतीने कुटुंबांना आधार दिला. नद्या-खाड्यांच्या प्रदेशातून आलेल्या या लोकांना धानाची शेती व मासेमारी नवी नव्हती. वैनगंगेचा हा पट्टाही धानाचाच. त्यामुळे पोटापाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, दाखल्याचा नाही.

या निर्वासितांत नमशूद्र समाज मोठ्या संख्येने आहे. राज्यघटनेच्या कलम 341 नुसार अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय ठरते व तीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. पश्चिम बंगाल आणि ओडिशाच्या यादीत नमशूद्र आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. परिणामी एकाच छावणीतून निघालेल्या दोन भावांपैकी मलकानगिरीत स्थिरावलेल्याच्या मुलांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, तर गडचिरोलीत आलेल्याच्या मुलांना त्या नाकारल्या जातात. शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी हा फरक जाणवतो.

पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींचा प्रश्नही असाच. ‘भोगवटदार वर्ग दोन’ अशी नोंद असलेली जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता येत नाही. म्हणूनच वर्ग एकची मागणी या वसाहतींतून सातत्याने होत आली आहे.

निर्वासितांना छप्पर आणि शेत देणे ही पुनर्वसनाची पहिली पायरी असते. शेजाऱ्याइतकाच हक्क कागदावर मिळणे ही शेवटची. आरमोरीच्या परिसरात ती अद्याप चढायची राहिली आहे.