विज्ञान परिषदेच्या गटात आपली मुले

शाळेत विज्ञानाचा प्रकल्प करायचा म्हटले की आपल्याकडचे पालक प्रथम खर्च विचारतात. थर्माकोल किती, बॅटरी किती, रंगीत कागद किती? मग मुलालाच सांगतात, ‘राहू दे, ते आपले काम नव्हे.’ शिक्षकही पुष्कळदा ज्याच्या घरी संगणक आहे त्याचे नाव आधी घेतात. आपली मुलगी गटात आलीच, तर तक्ता धरून उभी राहते आणि बोलतो दुसराच. एका तालुका प्रदर्शनात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मुलीला सगळे येत होते, पण परीक्षकांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली. तिच्यात १० ते १७ वर्षांची मुले भाग घेतात. शाळा सुटलेल्या मुलालाही मज्जाव नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्वी पाच जणांपर्यंतचा गट असे, अलीकडे तो दोघांचा झाला आहे. म्हणजे आता तक्ता धरायला वेगळे कोणी ठेवताच येत नाही! अहवाल मराठीत लिहिता येतो. चकचकीत यंत्र तेथे लागत नाही. आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजायचे आणि रोजच्या रोज वहीत नोंदवायचे. दर दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय दिलेला असतो. पाण्याचा प्रश्न त्यात बहुतेक वेळा बसवता येतो.

मालवणच्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न दारातच आहे. सिंधुदुर्ग किल्ला भर समुद्रात, तरी तिथल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे. उलट देवबाग-तारकर्लीची जमीन म्हणजे कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. अशा वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी थोडे जड. हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहू शकते. पंपाने उपसून ती पातळी १० सेंटिमीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खारे पाणी हळूहळू ४ मीटर वर येते. एप्रिल-मे महिन्यांत बाव मचूळ का होते, याचे एक कारण हे.

मोजायचे कसे? स्टीलची कोरडी वाटी सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यावी. बावीचे एक लिटर पाणी गाळून, थोडे थोडे वाटीत ओतत मंद आचेवर पूर्ण आटवावे. जवळ मोठे माणूस असावे. वाटी थंड झाल्यावर पुन्हा तोलावी. वजन जेवढे वाढले तेवढे क्षार. पिण्याच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरी सोयच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम असतात.

नमुने मात्र एकाच वाडीचे घेऊन चालणार नाहीत. बौद्धवाडीची बाव, वरच्या वाडीची, देवळाजवळची, सगळ्यांचे पाणी घ्यावे लागेल. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. आपल्या आज्यांना गावच्या विहिरीच्या काठावर चढू देत नव्हते. आता त्यांची नात बाटली आणि वही घेऊन प्रत्येक बावीवर जाईल, दोर सोडेल आणि कोणाची बाव किती खारी ते लिहून ठेवील. कोठे कपाळाला आठ्या पडल्या, तर पहिल्या फेरीला आईने किंवा मावशीने सोबत जावे.

गट साधारणपणे पावसाळ्यात ठरतात आणि बावी मचूळ होतात उन्हाळ्यात. म्हणून गटाची वाट न पाहता एप्रिलपासूनच दर रविवारी नोंद सुरू करावी. जूनमध्ये शाळा उघडली की ती वही घेऊन पालकांनी स्वतः विज्ञानाच्या गुरुजींना किंवा बाईंना भेटावे. नोंदी ज्या मुलीच्या हातच्या आहेत, परीक्षकांपुढे बोलायलाही तीच उभी राहील, एवढे त्याच वेळी ठरवून घ्यावे.