अबरी कागद

अबरी कागद म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या रंगांचा ठसा घेऊन तयार केलेला, संगमरवरासारख्या नक्षीचा कागद होय. 'अबरी' हा शब्द 'ढग' या अर्थाच्या 'अब्र' या फारसी शब्दावरून आला आहे. सतराव्या शतकात आदिलशाही विजापुरात या तंत्राने चित्रेही तयार झाली. तुर्कस्तानातील 'एब्रू' कलेचा युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

शालेय कृती

पसरट ताटात पाणी घेऊन त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तैलरंगाचे थेंब सोडतात. तेल पाण्यात मिसळत नसल्याने रंग वरच पसरतो. काडीने नक्षी ओढून कागद अलगद टेकवतात व उचलून वाळवतात. एकदा उमटलेली नक्षी पुन्हा तशीच येत नाही. त्यामुळे रेखाटनात कच्च्या असलेल्या मुलाचा कागदही इतरांच्या तोडीचा ठरतो.

दक्षता

टर्पेंटाइन ज्वलनशील असून त्याची वाफ अपायकारक असते. म्हणून रंग शिक्षकांनीच, खेळत्या हवेत पातळ करावेत. उरलेला रंग जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावा. ते पाणी ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. राधानगरीसारख्या भोगावतीकाठच्या गावी ओढ्यात टाकलेले अखेर नदीलाच मिळते.