‘इतर’ नावाची ओळ

कोणतेही कोष्टक हाती आले की मी आधी त्यातली ‘इतर’ ही ओळ शोधतो. कोष्टक करणाऱ्याने काय मोजायचे ठरवले नव्हते, हे तीच सांगते. संगणकजाळ्यांचे शिक्षण मी वर्गात बसून घेतलेले नाही; राउटरच्या मार्गदर्शिका वाचत जे कळले तेवढेच. त्यातल्या एका कोष्टकाविषयी हे लिहितो आहे.

राउटर म्हणजे जाळ्याच्या नाक्यावरचे यंत्र. माहिती त्याच्यापाशी लहान लहान पाकिटांतून येते आणि तो ती पत्ता पाहून पुढे धाडतो. सिस्को कंपनीने १९९६च्या सुमारास ‘नेटफ्लो’ ही मोजणीची पद्धत आणली. तीत राउटर सात गोष्टी टिपतो : पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हींकडचे पोर्ट क्रमांक, प्रोटोकॉलचा क्रमांक, सेवेच्या प्रतीची खूण आणि पाकीट ज्या वाटेने आत आले ती वाट. या साती जुळल्या, की ती पाकिटे एकाच ‘प्रवाहा’ची मानली जातात.

प्रोटोकॉलचा क्रमांक पाकिटावरच असतो : टीसीपीचा ६, यूडीपीचा १७. इथवर अंदाजाला जागा नाही. पण ‘वेब’, ‘मेल’ ही पुढची नावे राउटर पोर्टवरून देतो. पोर्ट म्हणजे यंत्राच्या दाराचा क्रमांक, ० ते ६५५३५ यांपैकी एक. २५ मेलचा, ८० वेबचा. या क्रमांकांची नोंदवही जॉन पोस्टेल यांनी अनेक वर्षे सांभाळली. मात्र तो संकेत आहे, सक्ती नव्हे. ऐंशीच्या दाराने कोणी गाण्यांच्या फायली नेल्या, तरी हे कोष्टक त्यांना ‘वेब’च म्हणते. फाइल-वाटपाच्या काही प्रोग्रामांनी अडवणूक चुकवण्यासाठी नेमके हेच केले.

सिस्कोच्या जुन्या कोष्टकात टेलनेट, एफटीपी, वेब, मेल, यूझनेटच्या बातम्या यांना स्वतंत्र ओळी आहेत. ४४३ला, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेल्या वेबला, ओळ नाही. ती वाहतूक ‘टीसीपी-इतर’मध्ये जाते. २०२१मध्ये प्रमाणित झालेला ‘क्विक’ प्रोटोकॉल यूडीपीवरून चालतो, म्हणून तो ‘यूडीपी-इतर’मध्ये. आज आपण जे वेब वापरतो, त्याचा मोठा भाग या कोष्टकाच्या लेखी वेब नाहीच! नंतरच्या ‘एनबार’सारख्या पद्धती पाकिटाच्या आत डोकावून ओळख पटवतात, पण आतला मजकूर कुलूपबंद असला, की त्यांनाही सुरुवातीच्या ओळखदेखीतल्या खुणांवरच बरीचशी भिस्त ठेवावी लागते.

ही केवळ तांत्रिक गंमत नाही. अशा आकड्यांवरून काय अडवायचे, कोणाकडे संशयाने पाहायचे, हे ठरू शकते. ‘इतर’ फुगले म्हणजे लपवाछपवी वाढली, असे वाटणे सोपे आहे. प्रत्यक्षात कोष्टक जुने झालेले असते.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. प्रवाहाचे नाव चुकले, तरी त्याचे दोन पत्ते, वेळ आणि आकारमान यांची नोंद होतेच. कुलूप मजकुराला असते. लिफाफ्यावरचा पत्ता उघडाच राहतो. कोण काय बोलले, हे राउटर अदमासाने सांगतो. कोणते यंत्र कोणत्या यंत्राशी, केव्हा आणि किती बोलले, हे मात्र मोजून.